सांगून फसविणारा आणि न सांगतां लुटणारा

गेल्या मे महिन्यांत, भाताच्या पेरणीपूर्वीं शेतकऱ्यास चार मोकळे दिवस मिळतात त्या दिवसांत, बदलापुरास एका शाळेच्या सभागृहांत जादूचा विनोदी खेळ झाला. तो पाहावयास आम्ही गेलों होतों. शेजारचे एक सुतार आपली आई, बायको व दोन मुलें यांना घेऊन आमच्याबरोबर आले होते. तिकीट माणशीं दीडशें रुपये. म्हणजे या एका घराचे साडेसातशें रुपये दोन तासांच्या करमणुकीवर गेले. हाताला काम असेल त्या दिवशींच ज्याच्या घरीं पैसा येतो, त्याच्या दृष्टीनें ही रक्कम लहान नाहीं. तेव्हां हे पैसे वायां गेले कीं सत्कारणीं लागले, याचा जमाखर्च वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

सभागृह भरलें होतें. उल्हासनगरांत जीनच्या विजारी शिवणारे कारागीर आले होते. अंबरनाथच्या कारखान्यांतून पहिली पाळी आटोपून आलेले कामगार होते. बदलापुराभोंवतालच्या गांवांतले आगरी, कुणबी व ठाकूर होते. १९४७ सालीं घरदार सोडून कल्याणच्या लष्करी छावणींत जे सिंधी निर्वासित आले, आणि ज्यांच्या छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें, त्यांचीं नातवंडें-पतवंडें होतीं. एरवीं हीं माणसें कर्जत लोकलच्या डब्यांत चौथ्या सीटवरून एकमेकांशीं भांडतात. येथें मात्र तीं खांद्याला खांदा लावून एकाच वेळीं हंसत होतीं. ही गोष्ट आम्ही पहिल्याप्रथम जमेच्या बाजूस धरतों.

जादूगार भरजरी फेटा बांधून आला. पण तोंड उघडल्याबरोबर तो जें बोलला तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तो म्हणाला, "मायबापहो, मी देव नाहीं, मला कोणा गुरूनें सिद्धि दिलेली नाहीं. माझे हात चपळ आहेत आणि तुमचे डोळे भोळे आहेत, एवढ्यावर माझें घर चालतें. दीडशें रुपये घेऊन मी तुम्हांला फसवणार आहे. जो फसणार नाहीं त्यानें जातांना पैसे परत न्यावेत!" असें म्हणून त्यानें वर्तमानपत्राच्या पुडींत तांब्याभर दूध ओतलें, पुडी उलटी केली, आणि पहिल्या रांगेंतले लोक अंगावर दूध सांडेल म्हणून ओरडत उठले. दूध सांडलें नाहीं. दोरी कापली ती सबंध निघाली. झारी पालथी करून रिकामी केली, ती पुन्हां भरली. पुन्हां रिकामी केली, पुन्हां भरली. "आमच्या आळीला हा नळ बसवा," असें मागून कोणी ओरडलें तेव्हां तर हंशाची लाट उठली. ज्यांच्या घरीं पाणी दिवसाआड येतें त्यांनाच या विनोदाची गोडी कळेल.

मग एक प्रकार घडला. जादूगारानें रिकामा पंजा दाखविला, बोटें एकमेकांवर घासलीं, आणि त्यांतून राख झरूं लागली. राख पाहातांच सभागृहांतला हंशा एकदम थांबला. कांहीं लोकांचे हात आपोआप जोडले गेले. आमच्याजवळ बसलेल्या सुतारांच्या आईनें पदर डोक्यावर घेतला आणि प्रसादासाठीं ओंजळ पुढें केली. जादूगाराच्या तें लक्षांत आलें. तो खालीं उतरून आला आणि म्हणाला, "आजी, कपाळाला लावूं नका हो. ही आमच्या घरच्या चुलीची राख आहे. बायकोला कळलें तर भांडीं घांसायला राख पुरत नाहीं म्हणून मला मारील!" लोक पोट धरधरून हंसले. म्हातारी मात्र हंसली नाहीं. तिनें ओंजळ हळूच मिटली आणि मांडीवर ठेवली.

खर्चाच्या बाजूस एक रक्कम लिहावी लागते तीहि येथेंच सांगतों. पुढच्या एका खेळासाठीं जादूगारानें मागच्या रांगेंतून धोतर नेसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास वर बोलाविलें. त्यांना माईक हातीं धरावयास दिला, त्यांच्या बोलीची नक्कल केली, "काका, शाळेंत किती दिवस गेलां होतां?" असें विचारलें, आणि त्यांच्या फाटक्या वहाणेवरून दोन विनोद केले. ते गृहस्थ कसनुसें हंसत उभे राहिले. आम्हीहि हंसलों. सारेच हंसले. हंसतांना आम्हांस कांहीं वाटलें नाहीं. वाटलें तें नंतर, घरीं परततांना.

खेळ सुटल्यावर रिक्षा मिळेना म्हणून आम्ही पायींच निघालों. मुलें झारीचें रहस्य काय असावें यावर वाद घालीत पुढें चाललीं होतीं. म्हातारी मागें मागें चालत होती. मध्येंच ती थांबली आणि मुलास म्हणाली, "कां रे, मग त्या बुवाची राख पण चुलीचीच होती का?"

सुतारदादांना कांहीं कळेना. तेव्हां म्हातारीनें जें सांगितलें तें असें. अकरा वर्षांपूर्वीं नातवाचा ताप पंधरा दिवस उतरला नव्हता. शेजारणीनें एका बुवाकडे नेलें. त्या बुवानें अगदीं अशाच रिकाम्या मुठींतून राख काढली, लिंबू कापून त्यांतून रक्त काढून दाखविलें, आणि घरावरची बाधा उतरविण्यास अंगावरचें सोनें मागितलें. म्हातारीनें आपल्या दोन पाटल्या काढून दिल्या. नातू पुढें सरकारी दवाखान्यांतल्या औषधानें बरा झाला. पाटल्या कोठें गेल्या असें घरांत विचारलें तेव्हां, लोकलच्या गर्दींत कोणी तरी काढून घेतल्या, असें तिनें सांगितलें होतें. मुलानें रेल्वे पोलिसांकडे तक्रारहि नोंदविली होती.

सुतारदादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "आई, पाटल्या गेल्या त्या गेल्या. पण इतकीं वर्षें हें एकटीनें कां गिळलंस?"

म्हातारी म्हणाली, "लोक हंसतील म्हणून."

वाचकहो, हे तीन शब्द ऐकून आम्हांस त्या धोतरवाल्या काकांची आठवण झाली, आणि आपण कशाला हंसलों याची लाज वाटली. या एका उत्तरांत बुवाबाजीचा सारा धंदा कसा चालतो तें आहे. बुवा मंत्रावर जगत नाहीं. फसलेल्या माणसाच्या लाजेवर जगतो. फसलेला शेतकरी, फसलेली माउली तोंड उघडीत नाहीं, कारण तोंड उघडलें कीं "अडाणी, गांवढळ" म्हणून हंसावयास जग टपलेलें असतें. एकानें तोंड मिटलें म्हणजे बुवाला दहा नवीन गिऱ्हाइकें मिळतात.

आतां दोघांची तुलना करूं. जादूगाराची राख आणि बुवाची राख एकाच पद्धतीची. राखेची घट्ट गोळी करून ती अंगठा व बोटें यांच्या खांचेंत लपवावयाची आणि मग चुरडावयाची. लिंबाच्या रक्ताचें कूट तर आपल्या अंगणांतच आहे. सुरीच्या पात्यास जास्वंदीच्या पाकळ्या चोळून तें वाळूं द्या आणि त्या सुरीनें लिंबू कापा. आंबट रस लागला कीं रंग लाल होतो. हळदींत चुन्याची निवळी मिसळली कीं कुंकवासारखा लाल रंग होतो, हें पानतंबाखू खाणाऱ्या माणसासहि ठाऊक असतें. पण तीच हळद, तोच चुना मांत्रिकाच्या ताटांत आला कीं आम्ही "करणी निघाली" म्हणून थरथर कांपतों! जादूगार सांगतो, मी फसवितों. तिकिटाचा दर दारावर लिहितो. आणि दोन तासांनीं तुम्हांस हंसत घरीं पाठवितो. बुवा म्हणतो, मी फसवीत नाहीं. दर सांगत नाहीं. आणि पाटल्या गेल्या तरी तुमची सुटका करीत नाहीं. पहिला आपल्यासारखाच कारागीर आहे. दुसरा चोर आहे. एकाच्या वाट्यास टाळ्या येतात आणि दुसऱ्याच्या वाट्यास नमस्कार येतात, यांतील दुसरी गोष्ट बदलली पाहिजे.

ही गोष्ट आजची नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं "तृतीय रत्न" हें नाटक लिहिलें. त्यांत एक जोशी गरोदर कुणबी बाईस ग्रहांची भीति घालून तिच्या घरचें धान्य व पैसा कसा उकळतो, हें दाखविलें आहे. आणि त्या नाटकांत एक विदूषक आहे, तो मध्यें मध्यें येऊन ठकबाजी उघड करतो. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाटक स्वीकारलें नाहीं. पण वाचकांनीं एक गोष्ट पाहावी: त्या विदूषकाचा रोख ठकावर आहे. पुढें सत्यशोधक जलसेवाल्यांनीं गांवोगांव हेंच केलें. गाडगेबाबांनीं कीर्तनांत साधे प्रश्न विचारून हजारों लोकांना हंसविलें. पण हंसतां हंसतां माणसास नवस व पशुबळी यांचा विचार करावयास लावलें. विनोद हें आपल्या लोकांचें जुनें शस्त्र आहे. तें कोणाकडे धरावयाचें एवढाच प्रश्न आहे.

जादूगारांच्या विद्येचा असाच उपयोग करणारे लोक होऊन गेले. मूळचे केरळचे आणि सिलोनांत स्थायिक झालेले डॉ. अब्राहम कोवूर यांनीं, जो कोणी कपटाशिवाय चमत्कार करून दाखवील त्यास एक लाख रुपये देऊं, असें जाहीर आव्हान दिलें होतें. १९७८ सालीं ते वारले. तोंपर्यंत तें बक्षीस कोणासहि नेतां आलें नाहीं. बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनीं देशभर हिंडून बाबाबुवांचे चमत्कार स्वतः करून दाखविले व नंतर त्यांची युक्ति उलगडून सांगितली. महाराष्ट्रांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या द्वारें हेंच काम शाळाशाळांतून चालविलें. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो म्हणून सारा देश रांगा लावून उभा राहिला, तेव्हां चमच्यांतलें दूध पृष्ठताणानें ओढलें जाऊन मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानें खालीं ओघळतें, हें समजावून सांगण्यास अशाच माणसांना पुढें यावें लागलें. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. जो कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षें झगडले, त्याचा वटहुकूम त्याच महिन्यांत निघाला आणि त्याच वर्षीं कायदा झाला. चमत्काराचें ढोंग करून लोकांस लुबाडणें हा या राज्यांत गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पण तक्रार करणारें तोंडच लाजेनें मिटलेलें असेल, तर कायदा कपाटांतच राहाणार.

कोणी म्हणतील, हा श्रद्धेवर घाला आहे. मुळींच नाहीं. अंबरनाथास शिवाचें देऊळ आहे. शिलाहार राजांच्या काळचा, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख त्यावर आहे. ज्यास तेथें जाऊन हात जोडावयाचे असतील त्यानें सुखानें जोडावेत. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, त्या देवळाच्या भिंतीवरचा प्रत्येक तसू ज्या पाथरवटांनीं कोरला, त्यांनीं फुंकर मारून दगड कोरला नाहीं. छिन्नी व हातोडा घेऊन उन्हांत बसून कोरला. साडेनऊशें वर्षें टिकलेला चमत्कार पाहावयाचा असेल तर तो तेथें आहे, आणि तो आपल्यासारख्याच हातांनीं केलेला आहे.

दुसरे कोणी म्हणतील, तुम्ही गुपितें सांगून बिचाऱ्या जादूगाराच्या पोटावर पाय देतां. तसेंहि नाहीं. दुधाच्या पुडीचें व झारीचें गुपित आम्हीं येथें सांगितलें नाहीं, सांगणारहि नाहीं. सोनाराचें, लोहाराचें, रंगाऱ्याचें जसें कसब, तसें तें त्याचें कसब आहे. त्यानें तें राखावें. मात्र ज्या युक्तीनें रोग बरा करितों, गुप्तधन काढून देतों, पैशांचा पाऊस पाडतों असें सांगून कोणी पैसा घेतो, ती युक्ति चव्हाट्यावर मांडलीच पाहिजे.

जादूची विद्या कोणा मोठ्या घरची मिरास नाहीं. महाराष्ट्रांत ज्यांचें नांव घरोघर झालें ते जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) चाकणजवळच्या आंबेठाणचे, शेतकऱ्याच्या घरांत जन्मलेले. त्यांनीं ही कला शहरांच्या नाट्यगृहांत व परदेशांतहि नेली. पुढें त्यांचे चिरंजीव विजय व नातू जितेंद्र यांनीं ती चालविली. आणि त्यांच्याहि फार पूर्वींपासून आपल्या गांवच्या पारावर जो गारुडी येत असे, तो टोपलींतलें पोर नाहींसें करी, आंब्याची कोय पुरून रोप उगवून दाखवी. ना पडदा, ना दिवे. चारी बाजूंनीं माणसें बसलेलीं, आणि मधोमध तो! आज गारुड्यांची गणना भटक्या जमातींत होते, आणि १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यानें रस्त्यावर गाऊन, नाचून वा खेळ करून पैसे मागणें भीक मागण्यांत धरलें. तीच कला वातानुकूल सभागृहांत दाखविली तर कलाकार, आणि पारावर दाखविली तर भिकारी! सभागृहांतल्या जादूगारास आम्ही टाळ्या देतों हें ठीकच. पण त्याची आजी-पणजी शोभावी अशी ही कला ज्यांनीं पोटाला चिमटा घेऊन जगविली, त्यांच्या मुलांसाठीं शाळेचें एक बाक तरी राखून ठेवावें.

आतां त्या खेळ करणाऱ्या गृहस्थांस दोन शब्द सांगतों. त्यांचें नांव आम्ही देत नाहीं, कारण तक्रार त्यांच्या एकट्याची नाहीं. विनोदाच्या बहुतेक साऱ्या खेळांची हीच रीत झाली आहे. महाराज, आपण आजींच्या ओंजळींतून राख परत घेतलीत, हें फार मोठें काम केलेंत. तें करतांना आपला विनोद स्वतःवर होता. चूल आपली, मार खाणारे आपण. म्हणून तो आजींच्या मनांत उतरला आणि अकरा वर्षांची गांठ सुटली. पण धोतरवाल्या काकांना वर बोलावून त्यांच्या बोलीवर व वहाणेवर आपण हंसविलेंत, तेव्हां आपणच फसलेल्यांचीं तोंडें बंद करणाऱ्या गर्दींत जाऊन बसलांत. ज्या माणसाची बोली जगाच्या हंशाचा विषय होते, तो उद्यां पोलीसचौकीवर जाऊन "मला फसविलें" असें कोणत्या बोलींत सांगेल? आपल्याजवळ विद्या आहे, वाणी आहे. हंसविण्यास विषयांची वाण नाहीं. दुप्पट पैसे करून देणारा आहे, पत्रिका पाहून लग्नें मोडणारा आहे, दर निवडणुकीस रिकाम्या झारींतून पाणी काढून दाखविणारा आहे. त्यांना घ्या, आणि खुशाल दोन तासांचा खेळ चार तास करा.

आणि आमच्या वाचक घरांस सांगतों तें असें. गांवांत कोणी फसला तर त्यास हंसूं नका. तो अडाणी होता म्हणून फसला नाहीं. पोर तापानें फणफणलें होतें म्हणून फसला. शिकलेले, मोठे पगारदार लोकहि त्याच रांगेंत उभे असतात. ते फक्त मोटारींतून येतात. त्याच्याजवळ बसा, काय झालें तें विचारा, आणि त्यास घेऊन चौकीवर जा. कायद्याखालीं नेमलेला दक्षता अधिकारी तेथें विचारावा. कोणी रिकाम्या हातांतून कांहीं काढून दाखविलें, तर तीनच प्रश्न करावेत: हात आधीं उलटसुलट दाखवितोस का? आमच्या वस्तु, आमच्या जागीं, आम्ही सांगूं त्या वेळीं हें करतोस का? आणि याचे पैसे किती? जादूगार या प्रश्नांवर हंसेल. बुवा चिडेल. एवढ्यावरून ओळख पटते.

राहिला हिशेब. खर्च साडेसातशें रुपये, आणि एका वृद्ध माणसाचा अपमान. या दुसऱ्या रकमेंत आमचाहि वांटा आहे. जमा: मुलांस प्रश्न करण्याची लागलेली गोडी, आणि एका माउलीच्या छातीवरून उतरलेला अकरा वर्षांचा दगड. पाटल्या परत आल्या नाहींत, येण्याची आशाहि नाहीं. पण परवां सुतारांच्या घरीं गेलों तेव्हां आजी ओसरीवर बसल्या होत्या. भोंवतीं आळींतल्या पांचसात बायका होत्या. समोर ताटांत हळद, चुना, लिंबें आणि जास्वंदीचीं फुलें मांडलेलीं होतीं, आणि आजी सुरीनें लिंबू कापून दाखवीत होत्या. लाल रस निघाला तशी एक पोरगी किंचाळली, आणि सगळ्याजणी हंसल्या. आजी सर्वांत मोठ्यानें हंसत होत्या.